दिवाळीच्या सुट्टीत दाढ काढून टाकू का?

पत्र:

डॉक्टर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४७. गणपतीच्या आधी मोठी सर्दी झाली होती. सर्दी गेली, पण तेव्हापासून डाव्या बाजूच्या वरच्या दाढा दुखतात. नेमकी कोणती दाढ ते सांगता येत नाही. वाकलं की गाल जड होतो. सहा वर्षांपूर्वी त्याच बाजूच्या एका दाढेचं रूट कॅनाल करून कॅप बसवली आहे. डाव्या नाकपुडीतून घाण वासाचा पिवळा स्राव येतो, सकाळी उठल्यावर तोंडात पू आल्यासारखी चव असते. आमच्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स दिला. आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. दातांच्या डॉक्टरांनी छोटा एक्स-रे काढला आणि 'दातात काही नाही, सायनस आहे' म्हणाले. नाकाच्या डॉक्टरांनी स्प्रे दिला आणि 'एकदा दात दाखवून घ्या' म्हणाले. वर्गात मुलं वही दाखवायला जवळ आली की वासामुळे मला लाज वाटते. मिस्टर म्हणतात, दिवाळीच्या सुट्टीत दाढच काढून टाक. जाऊबाई म्हणतात, वरची दाढ काढली की डोळा अधू होतो. मधुमेहाची गोळी चालू आहे. काय करू?

उत्तर:

ताई,

दाढ काढू नका. निदान आज हाताशी आहे तेवढ्या माहितीवर तरी नको. काढलेली दाढ परत लावता येत नाही, आणि दुखण्याचं मूळ दुसरीकडे असलं तर दाढ जाईल, दुखणं मात्र तिथंच राहील. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि 'दातात काही नाही' हेही मला पटलेलं नाही. दोन डॉक्टरांनी तुम्हाला एकमेकांकडे पाठवलं आणि त्यात तुमचे दोन महिने गेले. दोघांच्या मधे जी जागा राहिली, तिथंच तुमचा आजार बसलाय असं मला वाटतं.

वरच्या दाढांच्या वर काय असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. गालाच्या हाडात, डोळ्याच्या खाली, दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. मोठ्या माणसात तिच्यात साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे तीन छोटे चमचे पाणी मावेल. हीच मॅक्सिलरी सायनस. वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या तळाला टेकलेली असतात. मधलं हाड काही जणांत कागदासारखं पातळ असतं, आणि काहींच्या बाबतीत मुळाच्या टोकावर हाडच नसतं, नुसतं पोकळीचं अस्तर असतं. चाळीतले दोन मजले डोळ्यांसमोर आणा. वरच्या न्हाणीघरात गळती झाली की खालच्याचं छत ओलं होतं, आणि खाली चूल पेटली की धूर वर जातो. शिवाय या दोन मजल्यांचं वायरिंगही एकच आहे. वरच्या दातांना आणि सायनसच्या अस्तराला एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात, त्यामुळे कळ नक्की कुठून आली हे मेंदूला उमगत नाही. तुम्हाला दुखरी दाढ बोटाने दाखवता येत नाही, यात तुमची काही चूक नाही. शरीराची रचनाच तशी आहे.

या पोकळीची आणखी एक अडचण. आपल्याकडच्या रांजणाला तोटी तळाशी असते. या रांजणाला ती काठापाशी आहे. पोकळीचं नाकात उघडणारं तोंड जेमतेम काही मिलिमीटरचं, आणि तेही वर, छताजवळ. आतला स्राव सूक्ष्म केसांच्या लव्हाळीने वर ढकलून बाहेर काढावा लागतो. सर्दीत ते तोंड सुजून बंद झालं की स्राव तळाशी साठतो, आणि तळाशी तुमच्या दाढांची मुळं आहेत.

जाऊबाईंच्या भीतीवरून एक जुनी गोष्ट आठवली. ही पोकळी लिओनार्दो दा विंचीने १४८९च्या सुमारास चितारून ठेवली होती, पण वैद्यकात तिला नाव मिळालं ते नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्यामुळे. १६५१मधल्या त्याच्या ग्रंथात एका रुग्ण बाईंची हकिकत आहे. त्यांचा वरचा सुळा काढला होता आणि त्या जागेतून सतत स्राव वाहायचा. बाईंनी भोकात आधी चांदीची सळई घातली, मग पिसाची काडी. काडी आत जातच राहिली आणि ती मेंदूपर्यंत पोचली या भीतीने बाई गळाठल्या. हायमोरने तपासून सांगितलं की काडी मेंदूत गेलेली नाही, पोकळीत वेटोळं करून बसली आहे. पावणेचारशे वर्षं होत आली, पण वरचा दात आणि डोकं यांच्यामधल्या या जागेची भीती तशीच आहे. वरची दाढ काढल्याने नजर अधू होत नाही, ताई. डोळ्याने दिसतं ते वेगळ्याच नसेमुळे आणि ती नस दाढेच्या आसपास कुठे फिरकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दर चार-पाच माणसांतला एक हा प्रश्न विचारतो, आणि या भीतीपायी लोक सडलेल्या दाढा वर्षानुवर्षं तोंडात ठेवतात. ती भीती मनातून काढून टाका. दाढ काढू नका म्हणते त्याचं कारण डोळा नाही.

कारण सांगते. मी गेली एकतीस वर्षं दवाखाना चालवते. सुरुवातीच्या वर्षांत एक एसटी ड्रायव्हर आले होते. उजवीकडची वरची दाढ ठणकतेय, दोन रात्री झोप नाही, डॉक्टर काढून टाका, उद्या ड्यूटी आहे. दाढेला जुनी चांदी भरलेली होती, ठोकलं की दुखत होतं. मी काढली. दाढ हातात घेऊन पाहिली तर मुळं स्वच्छ, गुलाबी. आठवड्याने ते परत आले, आता शेजारची दुखत होती. तेव्हा कुठे मी विचारलं, सर्दी झाली होती का? झाली होती, पंधरा दिवसांपूर्वी. नाक अजून चोंदलेलंच होतं. आजार सायनसचा होता आणि चांगली दाढ मी काढली होती. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण तेव्हापासून वरची दाढ दुखते म्हणून जो कुणी येतो, त्याला मी पहिला प्रश्न नाकाचा विचारते.

नाकामुळे दाढ दुखते तेव्हा ती सहसा एकटी दुखत नाही. दोन-तीन शेजारच्या दाढा मिळून दुखतात, दुखणं बोथट असतं, सकाळी जास्त. केर काढायला वाकलं, जिना झपझप उतरला की गालात दणका बसतो. टाचा उचलून उभं राहा आणि एकदम खाली टेकवा. तो हादरा वरच्या सगळ्या दाढांत जाणवला तर संशय सायनसवर. गार पाण्याने मात्र एखाद्या दाढेतून झणझणीत कळ गेली आणि पाणी गिळून झाल्यावरही ती अर्धा मिनिट रेंगाळली, तर दोष त्या दाढेच्या आतल्या नसेचा. चावताना एकाच दाढेवर कळ येते आणि चावा सोडताना जास्त येते, तेव्हा दाढेला चीर असू शकते. सुपारी फोडणाऱ्यांच्यात हे मी फार पाहते. आणि खालची दाढ दुखत असेल तर या सायनसला दोष देऊ नका, तिथवर त्याचा हात पोचत नाही.

तुमच्या पत्रात सर्दी आहे, वाकल्यावर गाल जड होणं आहे, अनेक दाढा दुखणं आहे. एवढंच असतं तर मी सायनस म्हणून मोकळी झाले असते. पण तीन गोष्टी मला स्वस्थ बसू देत नाहीत. सगळं डावीकडेच आहे. वास घाण आहे. आणि त्याच बाजूला रूट कॅनालची दाढ आहे.

साधी सर्दी मुरते तेव्हा ती बहुधा दोन्ही बाजूंना मुरते. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येतो तेव्हा आधी दाढेकडे बघायचं, हा माझा नियम झालाय. कुजका वास करतात ते हवेशिवाय वाढणारे जंतू, आणि त्यांचं नेहमीचं घर म्हणजे तोंड आणि मेलेल्या दाढेचं मूळ. मुळाच्या टोकाशी पू झाला, वरचं हाड पातळ असलं, की पू हिरडीकडे यायच्या ऐवजी वर पोकळीत फुटतो. आणि मग गंमत नाही, मोठी फसगत होते: पुवाला वाट मिळाल्यामुळे दाब सुटतो आणि दाढ दुखायचीच थांबते, किंवा अगदी कमी दुखते. माणूस म्हणतो दाढ ठीक आहे, नाक खराब आहे. जुन्या पुस्तकांत अशा दातापासूनच्या सायनसचं प्रमाण दहा-बारा टक्के दिलेलं असे. अलीकडे जबड्याचा सीटी स्कॅन होऊ लागल्यापासून जुनाट मॅक्सिलरी सायनसमध्ये ते त्याहून बरंच जास्त सापडतंय, काही अभ्यासांत चाळीस टक्क्यांपर्यंत.

'पण एक्स-रेत काही नव्हतं' असं तुम्ही म्हणाल. तुमच्या दंतवैद्यांनी खोटं सांगितलेलं नाही. छोटा एक्स-रे ही सपाट सावली असते. वरच्या दाढेला तीन मुळं, त्यावर गालाच्या हाडाची आणि सायनसच्या तळाची सावली पडते, आणि मुळाच्या टोकाचा काळा डाग त्यात हरवून जातो. शिवाय वरच्या पहिल्या दाढेचं एक गुपित आहे. मुळं तीन असली तरी निम्म्याहून जास्त दाढांत नसेच्या वाटा चार असतात. चौथी वाट केसासारखी बारीक, गालाकडच्या पुढच्या मुळात लपलेली. सहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल करताना ती राहून गेली असेल, तर तिथे जंतू मुक्काम करून आहेत. हा निष्काळजीपणाच असेल असं नाही, चांगल्या हातांकडूनही ती सुटते.

अँटिबायोटिकने आठ दिवस बरं वाटून पुन्हा तेच का होतं, तेही यातूनच कळतं. औषध रक्तातून जातं. रूट कॅनाल झालेल्या दाढेच्या आत रक्त वाहत नाही. बाहेरचा पू औषधाने कमी होतो, आतला साठा शाबूत राहतो, आणि कोर्स संपला की तो पुन्हा वर पाझरायला लागतो. म्हणून तिसरा कोर्स मागू नका, आणि मेडिकलमधून आपल्या मनाने तर मुळीच घेऊ नका. शाळेतल्या तुमच्या मुलांच्या बाबतीतही लक्षात ठेवा, साध्या सर्दीने झालेला सायनस बहुतेक वेळा विषाणूंचा असतो आणि आठ-दहा दिवसांत आपला आपण उतरतो. दहा दिवस झाले तरी उतार नाही, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा एकदम बिघडलं, किंवा सुरुवातीपासूनच जोराचा ताप आणि गालात तीव्र दुखणं आहे, तेव्हा अँटिबायोटिकचा विचार डॉक्टर करतात.

आता काय करायचं. सुट्टीची वाट बघू नका, याच आठवड्यात अर्धी रजा टाका. दंतवैद्यांकडे जा, तुमच्या नेहमीच्यांकडेच गेलात तरी चालेल, पण शक्य असेल तर रूट कॅनालचं खास शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञांकडे. ते एकेका दाढेवर आरशाच्या दांड्याने टकटक करतील. ही तपासणी साधी वाटते, पण मला ती फार बोलकी वाटते. दात समोरच्या मधल्या दातापासून मोजतात. पाचवा दात ठोकला, सहावा, सातवा, पुन्हा सहावा. रुग्ण डोळे मिटून प्रत्येक वेळी 'हो, दुखतं' म्हणतो, आणि मधेच एका दाढेवर त्याचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळला जातो. तोंड काही सांगो, मी त्या हाताकडे बघते. मग बर्फाची कांडी प्रत्येक दाढेला लावून बघतात. कॅपच्या दाढेला ती लागणार नाही, तिची नस काढलेली आहे, पण शेजारच्या दाढा जिवंत आहेत की नाहीत ते कळतं.

आणि त्यांना सीबीसीटी काढायला सांगा. हा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. बसल्या बसल्या किंवा उभ्याने होतो, अर्ध्या-एक मिनिटाचं काम, सुई नाही. स्कॅनमध्ये डावीकडच्या वरच्या सगळ्या दाढांची मुळं आणि सायनस छतापर्यंत दिसायला हवा, हे आधीच बोलून घ्या, नाहीतर नुसता दाढांचा छोटा तुकडा घेतात आणि पोकळीचं तोंड बंद आहे की उघडं हे कळत नाही. कॅपच्या धातूने थोड्या पांढऱ्या रेघा येतात, पण मुळांची टोकं बहुधा नीट दिसतात. उलट, नाकाच्या डॉक्टरांनी सायनसचा सीटी आधीच काढलेला असेल तर रिपोर्टवर थांबू नका. त्या रिपोर्टमध्ये सायनसचं सगळं असतं आणि दातांबद्दल पुष्कळदा चकार शब्द नसतो. फिल्म किंवा सीडी घेऊन दंतवैद्यांपुढे ठेवा आणि विचारा, 'सहाव्या-सातव्या दाढेच्या मुळाशी हाड आहे का?'

हे सगळं जवळ होत नसेल किंवा परवडत नसेल तर शासकीय दंत महाविद्यालयात जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ती आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय. रांग असते, दिवस मोडतो, पण विद्यार्थ्यांच्या मागे शिकवणारे उभे असतात आणि दाढ वाचवायची कसोशी तिथे मनापासून होते. तुमच्या जिल्ह्यात खासगी दंत महाविद्यालय असेल तर तेही चालेल.

स्कॅनमध्ये कॅपच्या दाढेच्या मुळाशी पू दिसला, तर पहिला उपाय बहुधा रूट कॅनाल उकलून पुन्हा करण्याचा. सुटलेली चौथी वाट सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात, आतून स्वच्छ करून भरतात. ते जमण्यासारखं नसेल तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापण्याची छोटी शस्त्रक्रिया असते. दाढेचं मूळ उभं चिरलेलं असेल तर मात्र दाढ काढावीच लागते, आणि तसं निघालं तर मीच तुम्हाला काढा म्हणेन. दाढेचा बंदोबस्त झाला की पुष्कळांचं नाक काही आठवड्यांत निवळतं. नाही निवळलं, तर नाकाचे डॉक्टर दुर्बिणीतून सायनसचं तोंड मोकळं करतात. यातलं आधी कोणतं, मागून कोणतं, हे त्या दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं. तुम्ही त्यांच्यातला निरोप्या होऊ नका. नाकाच्या डॉक्टरांचा फोन नंबर दंतवैद्यांना द्या आणि तुमच्यासमोरच फोन लावायला सांगा. संकोच करू नका. मला असा फोन आला की बरंच वाटतं.

आणि स्कॅनमध्ये दाढा स्वच्छ निघाल्या, तर मी चुकले असं समजा आणि नाकाचे उपचार निगुतीने पूर्ण करा. तरीही दाढ काढू नका.

शेवटी काढायचीच वेळ आली तर एवढं पाळा. वरची दाढ काढल्यावर कधी कधी तोंड आणि सायनस यांच्यात भोक पडतं. दोन मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर बहुधा रक्ताच्या गाठीनेच ते बुजतं, मोठं असेल तर हिरडीचा पदर ओढून शिवावं लागतं. एक आजी माझ्याकडे आल्या होत्या, बाहेर दाढ काढून चार दिवस झालेले. पदराने नाक धरून बसल्या होत्या. चहाचा घोट घेतला की डाव्या नाकातून चहा येतो हे सांगताना त्यांना रडू आवरेना, त्यांना वाटत होतं आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. टाके घातले, महिनाभरात त्या ठीक झाल्या. तेव्हा वरची दाढ काढल्यावर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. पाणी नाकातून आलं तर घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे.

तोवर दुखण्याचं काय? पॅरासिटामॉल तुम्हाला बहुधा चालेल, पण लिव्हरचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि दिवसाचं प्रमाण पाकिटावर लिहिलंय त्यापुढे नेऊ नका. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायचं राहून जातं. मधुमेह असताना बाकीच्या वेदनाशामक गोळ्या किडनीचा विचार न करता घेऊ नयेत. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने घाण निघून जाते आणि वासही कमी होतो. जलनेती येत असेल तर उत्तम. मात्र पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं किंवा विहिरीचं तसंच नको. अशा पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. असं फार क्वचित होतं, पण झालं तर माणूस वाचणं कठीण. पेलाभर पाण्याला अर्धा छोटा चमचा मीठ पुरे. वाफारा घ्यावासा वाटला तर घ्या, मोकळं वाटतं, पण पातेलं मांडीजवळ नको, भाजलेले लोक मी पाहिलेत. नाक मोकळं करणारे थेंब मेडिकलवाला देईल, ते तीन-चार दिवसांच्या पुढे वापरलेत तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. नाकाच्या डॉक्टरांनी दिलेला स्प्रे बहुधा स्टेरॉइडचा असेल. तो वेगळा, तो त्यांच्या सांगण्याप्रमाणे चालू ठेवा.

लवंगेचं तेल कापसाला एक थेंब, दाढेवर, क्षणभर. हिरडीवर सांडलं तर पांढरा चट्टा पडतो. वेदनाशामक गोळी कुटून दाढेत दाबू नका, तिने हिरडी भाजते. आणि मशेरी लावू नका. तुम्ही लावता असं मी म्हणत नाही, पण आपल्याकडे दाढ दुखली की घरातली मोठी बाई मायेने मशेरीची डबी पुढे करते. बधिरपणामुळे दोन घटका बरं वाटतं आणि तंबाखूची सवय जन्माची लागते. तोंडाचा कॅन्सर झालेल्या किती बायकांनी मला सांगितलं की सुरुवात दाढदुखीपासून झाली होती.

मधुमेहाबद्दल थोडं कळकळीने बोलायचंय. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, या आठवड्यात करून घ्या. साखर चढलेली असेल तर पू लवकर उतरत नाही, आणि उतरत नसलेला पू साखर आणखी चढवतो. २०२१च्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे रुग्ण किती आले ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्यांतल्या कितीतरी जणांची पहिली तक्रार होती 'वरचे दात दुखतायत, हलायला लागलेत'. तुमची लक्षणं तशी नाहीत, दोन महिन्यांत ती अशी संथ राहिली नसती. पण मधुमेह असलेल्या कुणाच्याही गालाला बधिरपणा आला, धडधाकट दात एकाएकी हलू लागले, टाळूवर किंवा नाकात काळपट डाग दिसला, तर तासभरही थांबू नये. बुरशी नसली तरी गालाचा बधिरपणा, एकाच नाकपुडीतून रक्त आणि दात हलणं हे सायनसच्या गाठीचंही लक्षण असू शकतं.

त्याखेरीज डोळ्याभोवती सूज आली, एकाचं दोन दिसू लागलं, तापासोबत मान अवघडली, डोकं असह्य दुखू लागलं, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जा, १०८ला फोन करा. मिस्टरांना हा परिच्छेद वाचायला द्या, कारण अशा वेळी माणूस स्वतः उठून निघत नाही, घरच्यांनी न्यावं लागतं.

राहिला वासाचा प्रश्न. पत्रातली ती ओळ मला सगळ्यांत जास्त लागली. पू नाकाच्या आत असतो, त्यामुळे तो वास तुम्हाला चोवीस तास येतो, समोरच्याला बहुतेक वेळा तेवढा येत नाही. घरात कुणाला तरी खरं सांगायला सांगा, बहुधा ते म्हणतील, 'आम्हाला तर कळलंही नाही.' मुलांना जवळ येऊ द्या. आणि हा वास तुमच्या अस्वच्छतेचा नाही, त्यासाठी दिवसातून पाच वेळा ब्रश करून हिरड्या सोलून घेऊ नका. उलट डॉक्टरांना सांगताना सर्वांत आधी वासच सांगा. दोन महिने लाजेपायी तुम्ही तो शेवटी सांगितला असणार, किंवा सांगितलाच नसणार, आणि निदानाचा सगळ्यात मोठा धागा तोच होता.

एका कागदावर लिहून न्या: सर्दी कधी झाली, वास कोणत्या नाकपुडीतून, रूट कॅनाल कोणत्या वर्षी आणि कोणत्या दाढेचं, कोणती अँटिबायोटिकं किती दिवस घेतली, साखर किती. दोन्ही डॉक्टरांना तोच कागद दाखवा. स्कॅन झाला की मला कळवा, मुळाशी काय निघालं ते मला जाणून घ्यायचंय.